दोन स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार मॅडम,

पाहुणे जेवायला बसलेले असताना दिवे गेले आणि दुरुस्तीसाठी आमचा वायरमन सातची वेळ देऊन नऊला पोचला, याबद्दल माफी मागतो. उशीर ही आमचीच चूक. निदान फोन तरी करायला हवा होता.

पण "डुप्लिकेट एमसीबी बसवून फसवलं" हे रिव्ह्यूमधलं वाक्य फार लागलं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. (एमसीबी म्हणजे लोड जास्त झाला की आपोआप पडून लाइन बंद करणारा स्विच.)

वायरिंग करतानाच जेवणाच्या खोलीतल्या सॉकेटसाठी डीबीपासून (सगळे एमसीबी असतात त्या बॉक्सपासून) वेगळी लाइन घ्या, असं मी सांगितलं होतं. चार एमएमची वायर, 20 अँपिअरचा एमसीबी. आपण म्हणालात, "तिथे काय लागतं? एक पंखा, दोन दिवे. उगाच बिल वाढवू नका." म्हणून सॉकेट दिव्यांच्याच लाइनवर घेतले. तिथे दीड एमएमची वायर, 10 चा एमसीबी आणि पॉइंट साधे 6 अँपिअरचे. मी तेव्हा अडून बसायला हवं होतं, हेही मान्य.

त्या संध्याकाळी टेबलावर 2000 वॉटची इंडक्शन शेगडी होती, तीही कन्व्हर्जन प्लग (मोठी पिन साध्या सॉकेटात बसवणारा) लावून. शेजारी 1500 वॉटची किटली, एकसारखी भरली जात होती. 230 व्होल्टला दोन्ही मिळून 15 अँपिअरच्या वर जातात. लाइन एकच, त्यामुळे एमसीबी पडला तेव्हा दिवेही गेले. वेगळ्या लाइनचा आग्रह याचसाठी होता.

आपण लिहिलंय, चांगला एमसीबी लगेच पडला असता, वीस मिनिटांनी नाही. मॅडम, शॉर्ट सर्किट झालं तरच तो क्षणात पडतो. लोड थोडा जास्त असेल तर आतली धातूची पट्टी तापून वाकावी लागते, त्याला वेळ जातो. म्हणजे तो अस्सल होता म्हणूनच पडला.

आमचा माणूस आल्यावर त्याला आपण "20 चा टाकून दे" म्हणालात आणि त्याने नकार दिला, तर तो "उद्धट" ठरला. 20 चा असता तर 15 अँपिअरला पडलाच नसता. दीडची वायर भिंतीतल्या पाइपात तापत राहिली असती. तोंडाने तो जरा फटकळ आहे, त्याला समज दिली आहे. पण नकार बरोबर होता, मी असतो तरी हेच केलं असतं.

यापुढे ग्राहकाने नाकारलेली लाइन कागदावर लिहून सही घेऊ, वेळेचंही बघतो. वेगळी लाइन अजूनही ओढता येईल, भिंत न फोडता बाहेरून केसिंग पट्टीतून. मजुरी घेणार नाही, फक्त सामानाचे पैसे. तोवर शेगडी तिथे लावू नका.

स्टार वाढवा असं म्हणत नाही. एवढ्या वर्षांत डुप्लिकेट माल कुणाच्या घरी लावलेला नाही, तेवढा एक शब्द मात्र काढाल तर बरं होईल.