ब्रह्मस्थान कापसाच्या ढिगाखाली

चौकोनी घराचा मध्य काढायला अक्कल लागत नाही. समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दोन सुतळ्या ताणायच्या, त्या जिथं एकमेकींना छेदतील तिथं ब्रह्मस्थान, म्हणजे वास्तुशास्त्रातला घराचा मध्य. पण आमच्या वऱ्हाडातल्या खेड्यात चौकोनी घर दाखवा बाप्पा! माजघर आजोबांच्या वेळचं, वसरी मागून काढलेली, सपरी वाटणीत अर्धी गेलेली आणि गुरांच्या कोठ्यावर टिना टाकून त्याची खोली झालेली. वरून पाहिलं तर घर कमी, मोडका डवरा जास्त.

वास्तू बघणारे महाराज येतात आणि 81 पदांचं मंडल सांगतात. नऊ गुणिले नऊ घरं, मधली नऊ ब्रह्मदेवाची. तिथं खांब नको, जिना नको, संडास नको, वजन नको. ही चौरस जाळी इळ्यासारख्या घरावर बसवायची कशी, असं विचारलं की त्यांना चहाची आठवण होते.

हिशेब तसा शाळेतलाच आहे. समजा घर एलच्या आकाराचं. पश्चिमेचा भाग पूर्व-पश्चिम 20 फूट, दक्षिणोत्तर 30; त्याला दक्षिणेकडून पूर्वेला चिकटलेली 30 बाय 10 ची पट्टी. क्षेत्रफळं 600 आणि 300. नैऋत्य कोपऱ्यापासून मोजलं तर पहिल्याचा मध्य पूर्वेला 10, उत्तरेला 15 फुटांवर. दुसऱ्याचा 35 आणि 5 वर. प्रत्येक अंतराला आपापल्या क्षेत्रफळानं गुणा, बेरीज करा, 900 नं भागा. उत्तर : पूर्वेला 18 फूट 4 इंच, उत्तरेला 11 फूट 8 इंच.

दुसरे महाराज मात्र तुटका कोपरा भरून 50 बाय 30 चा पूर्ण आयत धरतात. त्यांचा मध्य 25 आणि 15 वर, म्हणजे थेट अंगणात. दोन मध्यांतलं अंतर भरतं जवळजवळ साडेसात फूट. याचा शनीशी संबंध लावू नये, तरी लावला जातोच. माझं मत पहिल्या पद्धतीला. नसलेल्या खोलीचं वजन कशाला धरायचं?

पण तीही दगा देते. एलचे दोन्ही हात 8 फूट रुंद आणि बाहेरून 40 फूट लांब असतील, तर हिशेबानं काढलेला मध्यसुद्धा घराबाहेर पडतो, आतल्या दोन्ही भिंतींपासून सुमारे 5 फुटांवर. ती जागा वाटणीत चुलतभावाकडं गेली असेल, तर ब्रह्मस्थान त्याचं आणि दोष आपला.

गुणाकार नको असेल तर पुठ्ठा घ्या. एक फुटाला 5 मिलिमीटर धरून घराचा आकार कापा. कडेला टाचणी टोचून टांगा, त्याच टाचणीला नट बांधलेला दोरा सोडा, दोऱ्याखाली रेघ मारा. दुसऱ्या कडेनं पुन्हा तेच. रेघा छेदतील तो मध्य. तिसरी रेघ पडताळ्यासाठी. छिद्र सैल ठेवा, पंखा बंद करा. लग्नपत्रिकेचा पुठ्ठा मात्र नको, तिच्यावर चिकटवलेला गणपती मध्य आपल्याकडं ओढतो. मापं सगळीकडं बाहेरूनच घ्या. मातीची भिंत दीड-दोन फूट जाड. एक बाजू आतून आणि दुसरी बाहेरून मोजली की सगळा हिशेब गेला. कोपरा काटकोनी आहे का, तेही बघा : एका भिंतीवर 6 फूट, दुसरीवर 8, मधलं तिरपं अंतर बरोबर 10 भरलं पाहिजे. बहुधा भरत नाही.

दिशेसाठी मोबाइलचं होकायंत्र टिनाखाली धरू नका, बंडीच्या लोखंडी धावेजवळही नाही. त्यापेक्षा अंगणात काठी उभी रोवा, तिच्याभोवती वर्तुळ काढा. सकाळी आणि दुपारनंतर सावलीचं टोक वर्तुळाला जिथं टेकेल, ते दोन बिंदू जोडा : झाली पूर्व-पश्चिम रेघ.

एवढं करून मध्य सापडतो कुठं? आढ्याखालच्या खांबावर किंवा कापसाच्या ढिगाखाली. खांबाला हात लावू नका. तो काढला तर आढंच ब्रह्मस्थानी येईल. राहिला कापूस. 20 क्विंटल म्हणजे दोन टन, आणि नियम म्हणतो वजन नको. महाराज म्हणतात, "हलवा." घरधनी म्हणतो, "भाव वाढू द्या, महाराज."