त्रारीची दल घ्यावी

लॅपटॉप घेऊन 19 दिवस झाले आणि त्याचं 'के'चं बटण मेलं. मी मराठी इनस्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीत टाइप करतो. त्यात 'के'वर 'क' असतो, आणि शिफ्ट धरून दाबलं की 'ख'. म्हणजे बटण एक गेलं तरी अक्षरं दोन गेली. हे माझ्या लक्षात यायच्या आधीच मी दुकानाला तक्रारीची मेल ठोकली होती. त्याच लॅपटॉपवरून, रागाच्या भरात, परत न वाचता. ती अशी: "मी आपल्या दुानातून रेदी ेलेल्या लॅपटॉपचा ीबोर्ड राब झाला आहे. ृपया त्रारीची दल घ्यावी."

उत्तर आलं नाही. आता वाचताना वाटतं, मीही दिलं नसतं.

मग दुकानात गेलो. तिथे "सर, सात दिवसांनंतर आमचा काही संबंध नाही, तुम्ही कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा." सर्व्हिस सेंटरच्या मुलाने लॅपटॉप उलटा केला, स्क्रू काढले आणि चिमट्याच्या टोकाने आतला तांदळाच्या दाण्याएवढा स्टिकर दाखवला. तो पांढरा असायला हवा, गुलाबी झालाय. म्हणजे आत पाणी गेलंय. म्हणजे वॉरंटी गेली. बटण सुटं मिळत नाही, अख्खा वरचा भाग बदलावा लागतो: 10,000 अधिक 18 टक्के जीएसटी, एकूण 11,800 रुपये. अक्षरी 5,900. क आणि ख जातात म्हणून बरं, पूर्ण क-वर्ग गेला असता तर घर विकावं लागलं असतं.

आता मला सांगा, हा जुलै महिना. पुण्यातल्या आमच्या घरात पापड सादळलेत, मीठ बरणीत पाझरतंय, कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर हिरवी बुरशी आलीय, तीन दिवसांपूर्वीचे टॉवेल अजून दोरीवर आहेत. आणि त्या स्टिकरने तेवढं कोरडं राहायचं? हे मी त्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, "सर, हवेने नाही होत." बरं, कशाने होतं ते त्याला तरी कुठे माहीत होतं! त्याने जॉबशीटवर 'लिक्विड डॅमेज' असं लिहून माझी सही मागितली. मी केली नाही. एवढीच माझी मर्दुमकी.

तो कागद घेऊन पुन्हा दुकानात आलो, आणि तिथे मला काका भेटले.

काका काउंटरला कोपर टेकून उभे होते. पंच्याहत्तरीच्या पुढचे, पायात पावसाळी सँडल, हातात कापडी पिशवी, पिशवीत मिक्सरचं भांडं. भांड्याच्या झाकणाची रबरी रिंग सैल झाली होती. त्यासाठी त्यांनी एक फाइल आणली होती, आणि तिच्यात घरातल्या प्रत्येक यंत्राचं बिल लॅमिनेट करून लावलेलं होतं. फ्रिज, गीझर, इस्त्री, आणि कुकरसुद्धा, तो यंत्रात मोडत नसताना. "1974 साली बिंदुमाधव जोशींनी इथे पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हापासून आपण जागे आहोत," असं ते मला म्हणाले. मी काही विचारलं नव्हतं.

"तुमचं काय?"

"बटण चालत नाही."

"आणि हे काय म्हणतात?"

"आत पाणी गेलं म्हणतात."

"गेलं का?"

"नाही हो."

"चहा?"

"चहाही नाही."

"पीत नाही?"

"पितो की."

"कुठे बसून?"

"टेबलाशी."

"आणि लॅपटॉप कुठे असतो?"

मी गप्प बसायला हवं होतं. पण त्यांची विचारण्याची पद्धत अशी होती की माणसाने शाळेतली कॉपीसुद्धा कबूल केली असती. "टेबलावरच," मी म्हणालो.

काका काउंटरमागच्या मुलाकडे वळले. "बघा, गृहस्थ खरं बोलतायत. खोटं बोलायचं असतं तर चहा पीत नाही म्हणाले असते. अशा माणसाला तुम्ही न्याय दिला पाहिजे."

मुलाने मान डोलावली आणि संगणकात काहीतरी टाइप केलं. मी वाकून पाहिलं. 'कस्टमरने चहा मान्य केला.' त्याचा 'क' अगदी व्यवस्थित उमटत होता.

"अहो काका, मी सांडला नाही!"

"सांडतो हो. कळत नाही आपल्याला. आमच्या हिच्या हातून रेडिओवर सांडला होता, तो पुढे फक्त विविध भारती धरायचा." आणि मग त्या रेडिओची गोष्ट सुरू झाली. मागे रांगेत उभ्या असलेल्या एका बाईही तिच्यात सामील झाल्या. त्यांच्या मुलाने राउटरवर कॉफी सांडली होती. पाच मिनिटांत ते सगळं दुकान सांडणाऱ्यांचं संमेलन झालं आणि मी त्याचा अध्यक्ष. एवढ्यात मुलाने काकांना नवी रिंग आणून दिली. फुकट. काकांनी ती झाकणाला बसवून पाहिली, भांडं उलटं करून हलवलं, "थेंब नाही" म्हणाले, आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की थेंबाचा विषय माझाच होता.

जाता जाता त्यांनी माझं बिल मागितलं, प्रकाशात धरलं. "थर्मल कागद आहे हा. सहा महिन्यांत कोरा होईल. आजच्या आज लॅमिनेट करा."

काका हे मनापासून सांगत होते. शिवाय कागद कोरा होतो हे खरंच आहे. माझ्या पाकिटातली पेट्रोलची बिलं केव्हाच मोक्षाला गेलीत. म्हणून मी समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो. बिल पांढरं आत गेलं आणि मशीनच्या दुसऱ्या बाजूने अमावास्या बाहेर आली. गुळगुळीत, चकचकीत, गोल कोपऱ्यांची. थर्मल कागदावर शाई नसतेच, उष्णतेनेच तो काळा होतो. हे मला झेरॉक्सवाल्याने सांगितलं, वीस रुपये घेतल्यावर.

आणि इथे मला खरंच चीड येते. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सरळ लिहिलंय की सदोष माल बिलावर छापलेल्या मुदतीत, आणि बिलावर मुदत नसेल तर 30 दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. माझी तक्रार 19व्या दिवसाची. ते सात दिवस माझ्या आठवणीप्रमाणे बिलावर कुठेच नव्हते, फक्त त्या मुलाच्या तोंडात होते. पण दाखवू काय? नवा खोका उघडताना मी लॅपटॉपचे चौदा फोटो काढले, थर्माकोलचाही काढला. बिलाचा एकही नाही. दुकानात दुसरी प्रत मागितली तर "सर, सिस्टिम बदलली, जुनी बिलं निघत नाहीत." जुनी! अजून महिना व्हायचाय.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. बाई शांतपणे बोलल्या, तक्रार नोंदवून घेतली, क्रमांक दिला. त्या सगळ्या प्रकरणात माझ्याशी नीट बोललेलं ते एकच माणूस. जिल्हा ग्राहक आयोगात जायचं तर पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी लागत नाही, दोन वर्षांची मुदत आहे, हे आता मला पाठ झालंय. बायको म्हणते, त्यापेक्षा साडेचारशेचा कीबोर्ड आणून जोड. तो आणलाय. त्याच्यावरच हे लिहितोय. लॅपटॉप आता मांडीवर मावत नाही, एवढंच.

परवा दुकानाचं उत्तर आलं. ग्राहकाने खरेदीचं बिल सादर केलेलं नाही, तसंच चहाबाबत ग्राहकाने स्वतः कबुली दिलेली आहे.

बिल टेबलावरच आहे. मी त्याच्यावर चहाचा कप ठेवतो. सांडला तर पुसता येतो.