इंजिनाला वळण लागेना

मुलांना वळण लावणं कठीण, असं म्हणणाऱ्यांनी एचओ स्केलच्या मॉडेल रेल्वेतल्या इंजिनाला वळण लावून पाहावं. मूल निदान आडवं पडलं तर आपलं आपण उठतं. इंजिन मात्र चाकं गरगरवत, कुणीतरी उचलेल या भरवशावर, पडून राहतं.

एचओ म्हणजे खऱ्या गाडीचा सत्त्याऐंशीवा हिस्सा. दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. माझं साम्राज्य चार बाय आठ फुटांच्या प्लायवूडवर वसलेलं आहे आणि त्यावरची वळणं १८ इंच त्रिज्येची आहेत. खऱ्या जगात त्यांची त्रिज्या चाळीसेक मीटर भरेल. मेन लाइनचं धिप्पाड इंजिन असल्या वळणाच्या वाटेलाही जाणार नाही. माझ्याकडे यार्डात डबे हलवणारं एक छोटं शंटिंगचं इंजिन होतं, ते बिचारं तक्रार न करता गोल गोल फिरायचं. तिथेच थांबायला हवं होतं.

पण मी 'बिग बॉय' या अवाढव्य वाफेच्या इंजिनाचं मॉडेल आणलं. १९४१ ते १९४४ या काळात अमेरिकेतल्या युनियन पॅसिफिक रेल्वेसाठी अशी २५ इंजिनं बनली. टेंडर, म्हणजे मागचा कोळसा-पाण्याचा डबा, धरून लांबी साधारण ४० मीटर, म्हणजे मॉडेल झालं ४६ सेंटिमीटरचं. आणि माझ्या वळणाची त्रिज्या? पावणेशेहेचाळीस सेंटिमीटर! हे गणित मी खोकं उघडल्यावर केलं. खोक्यावर 'किमान त्रिज्या १८ इंच' असं छापलेलं होतं, आणि हे लिहिणाऱ्याला मी आजही मानतो. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. इंजिन वळलं.

इंजिन वळलं म्हणजे त्याची चाकं वळली. खऱ्या बिग बॉयमध्ये मोठ्या चाकांचे दोन संच असतात. मागचा बॉयलरला घट्ट बांधलेला आणि पुढचा तेवढा वळणारा. मॉडेलमध्ये बहुतेक वेळा दोन्ही वळते करतात, म्हणून ते आमच्यासारख्यांच्या घरात नांदतं. बॉयलर मात्र पट्टीसारखा सरळच राहतो. वर्तुळावर फूटपट्टी ठेवून बघा, टोकं बाहेर आणि पोट आत. वळणावर शिरताच इंजिनाचं नाक रूळ सोडून थेट फलाटावर आलं आणि लाल झेंडा घेऊन उभ्या असलेल्या स्टेशनमास्तरला त्यानं सावकाश, अगदी अदबीनं, आडवं केलं. मग सिग्नल. मग बोगद्याचं तोंड, जे रंगवायला मला तीन रविवार लागले होते.

मग मी जरा शहाणा झालो आणि एकाच चौकटीत दहा मोठी चाकं असलेलं इंजिन आणलं. हा शहाणपणा दीड फेरी टिकला. अशा इंजिनांच्या मधल्या चाकांची, रुळाला धरून ठेवणारी कड मुद्दाम काढून टाकतात, म्हणजे ती वळणावर रुळावरून आडवी सरकू शकतात. माझ्याकडच्याची तशी काढलेलीही होती. तरी ते दर फेरीला त्याच सांध्यावर उतरायचं. शेवटी मी प्लायवूडवर गाल टेकवून, एक डोळा मिटून बघत बसलो. पुढच्या मोठ्या चाकाची कड, जाडी जेमतेम नखाएवढी, बाहेरच्या रुळाला घासत आली, सांध्याच्या किंचित वर आलेल्या टोकावर चढली, क्षणभर रुळाच्या माथ्यावरून चालली आणि 'टिक्' करून पलीकडे उतरली. मागची चाकं मुकाट्यानं तिच्या मागे. सांधा कानशीनं घासला तेव्हा ते एक फेरी जास्त चाललं.

मग नियम वाचले. (आधी खरेदी, मग वाचन हा आमच्या छंदाचा क्रमच आहे.) सर्वांत लांब डब्याच्या निदान तिप्पट त्रिज्या ठेवावी म्हणजे गाडी नीट चालते. ८५ फुटी प्रवासी डबा एचओमध्ये सुमारे ३० सेंटिमीटर भरतो, म्हणजे त्रिज्या ९० सेंटिमीटर. एक वळण संपून लगेच उलटं वळण सुरू होत असेल, तर मध्ये एका डब्याच्या लांबीचा सरळ रूळ टाकावा, नाहीतर डबे जोडणारं कपलिंग त्यांना एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना ओढतं. माझ्या बोर्डावर अशी उलटसुलट वळणं तीन आहेत. सरळ तुकडा एकही नाही.

९० सेंटिमीटर त्रिज्या म्हणजे बोर्डाची रुंदी सहा फुटांच्या वर. मी टेप घेऊन बेडरूममध्ये मापं घेत असताना बायको दारात येऊन उभी राहिली.

"अहो, पलंग कुठे जाणार?"

"भिंतीला लावू उभा."

"आणि आपण?"

अंथरूण पाहून पाय पसरावेत हे ठाऊक होतं. पण रुळांसाठी अंथरूणच गुंडाळायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं. टेप आपोआप सुर्रकन आत गेला.

सध्या बिग बॉय कपाटावर मीटरभर सरळ रुळावर दिमाखात उभं आहे. पाहुणे आले की ते खाली उतरतं आणि अगदी हळू एक फेरी मारतं. स्टेशनमास्तरला मी नव्यानं चिकटवलाय, नाकाच्या टप्प्याबाहेर. ती जागा स्टेशनच्या इमारतीच्या मागे निघाली. तिथे तो भिंतीकडे तोंड करून झेंडा दाखवत उभा असतो.