कॉपर आहे मालक!

मे महिना, पारा ४३वर आणि हॉलमधला पंखा असा फिरतोय की पाती मोजून घ्यावीत. बायको म्हणाली, ‘नवा आणा.’ मी म्हणालो, ‘कपॅसिटर गेला असेल.’ विजेचं एवढं एकच निदान मला येतं आणि एरवी ते बरोबरही निघतं. अडीच मायक्रोफॅरडची ती डबी शंभराच्या आत येते. यंदा मात्र डबी बदलूनही पंखा ढिम्म. मग तो काखोटीला मारून अण्णांच्या दुकानात गेलो.

दुकानात मिक्सरची ही रांग, प्रत्येकावर खडूनं आडनाव. सोलापुरात मिक्सर बसायचं मुख्य कारण म्हणजे शेंगा चटणी. ती खरं तर उखळात कुटायची चीज. मिक्सरमध्ये तेल सुटून गोळा होतो, मोटर तापते आणि तळाचं ओव्हरलोडचं लाल बटण खटकन बाहेर येतं. थोडं थांबून ते आत दाबलं की झालं. पण थांबतो कोण? माझ्यासमोर अण्णांनी एकाचं बटण दाबलं, मिक्सर घुर्र झाला, गिऱ्हाइकाचं तोंड बघण्यासारखं झालं. त्याचे पैसे अण्णा घेत नाहीत. अपमान फुकट करतात.

माझा पंखा उघडून आतली तांब्याची तार दाखवत म्हणाले, ‘कॉपर आहे मालक! वाइंडिंग करू, बेअरिंग टाकू, तुमची नातवंडं वापरतील की ओ.’

घरी लेक हिशोब घेऊन बसलेली. जुना पंखा ७५ वॉटचा, नवा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, तिसेक वॉटचा. दिवसाला १५ तास चालवला तर महिन्याला २० युनिट वाचतात. याला उत्तर नव्हतं. तरी अण्णांना विचारलंच.

‘घ्या की. पण त्यात इलेक्ट्रॉनिक बोर्ड जातोय. तो कंपनीचाच लागतोय.’

लेकीनं लगेच मोबाईल पुढे केला. केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२मध्ये ‘राइट टू रिपेअर’, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलंय, म्हणे. अण्णांनी चष्मा वर सरकवून बघितलं. ‘चांगलंय. बोर्ड कधी देतंय हे?’

माझं मत विचाराल तर मिक्सर, इस्त्री डोळे झाकून दुरुस्त करावी. रात्रंदिवस फिरणाऱ्या पंख्याला मात्र लेकीचा हिशोब लावावा. घरात मत कुणी विचारलं नाही. हॉलमध्ये नवा आला, जुनाही वाइंडिंग होऊन मधल्या खोलीत लागला, आणि खिसा दोन्हीकडून रिकामा झाला.

वडील त्या जुन्याखालीच झोपतात. नव्याचा रिमोट नातवानं कुठं ठेवलाय, ते अजून कळलेलं नाही.