बाळाला काय आठवणार? : एका आजोबांना उत्तर

नमस्कार आजोबा,

(सही तुम्हीच 'दोन नातवंडांचा आजोबा' अशी केलीत, म्हणून आजोबा. वयाने आपण बरोबरीचेच असू.)

नातीला घेऊन आम्ही कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइमच्या डिस्नेलँडला गेलो, त्यावरचा माझा लेख वाचून तुम्ही चांगलेच रागावलात. "दहा महिन्यांच्या पोरीला यातलं काय कळणार आणि काय आठवणार? मोठ्यांनी आपली हौस भागवली आणि हाल त्या जिवाचे केले. आमच्या वेळी वर्षाचं होईपर्यंत मूल गर्दीत नेत नसत. तुम्ही आजी ना? लेकीला चार शब्द सुनवायचे होते," असं तुमचं म्हणणं. तुमच्या प्रतिक्रियेखाली तिघाचौघांनी 'अगदी खरं' म्हणून री ओढली आहे, तेव्हा दोन ओळींत आटपत नाही.

तुमचं कुठे बरोबर आहे ते आधी सांगते, कारण लेखात मी ते खुबीने गाळलं होतं. तिथे 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन' नावाची होड्यांची राइड आहे, १९६७ सालची. तिला उंचीची अट नाही. जावई म्हणाले, अट नाही म्हणजे लहानांना चालत असणार. मलाही पटलं. आत मिट्ट काळोख. होडी एकदा खाली घसरते, जरा सावरतोय तोवर पुन्हा घसरते आणि पुढे तोफांची लढाई. पहिल्या घसरणीला नातीने माझ्या कुडत्याचा गळा मुठीत धरला आणि तोफा सुरू झाल्यावर जो सूर लावला तो बाहेर येईपर्यंत. मधेच उतरायची सोय नसते. मी तिचे कान हाताने झाकून 'झालं हं, झालं' म्हणत बसले, पण झालेलं काहीच नव्हतं. उंचीची अट असते ती मूल पट्ट्यातून, दांड्याखालून निसटू नये म्हणून. काळोखाशी आणि आवाजाशी तिचा काय संबंध? हे आम्हाला आधी सुचायला हवं होतं. चूक सर्वस्वी आमची, आणि तेवढ्यापुरते तुमचे चार शब्द मी निमूट ऐकून घेते.

पण 'हाल' हा शब्द पूर्ण दिवसाला लावू नका. फेब्रुवारीतला मंगळवार होता, ऊन कोवळं. गेटातून आत शिरल्यावरचा रस्ता, 'मेन स्ट्रीट', संपतो तिथे बाळांसाठी एक वेगळी जागा केली आहे. लंगोट बदलायला ओटे, आईला दूध पाजायला आडोशाची खोली, उंच खुर्च्या, मायक्रोवेव्ह. मी घरून तांदूळ-मूगडाळीचं खिमट नेलं होतं. ते तिथे गरम केलं, वरून तूप सोडलं, आणि नातीने शेवटच्या चमच्यापर्यंत खाल्लं. शेजारच्या खुर्चीतल्या बाळाची आई वास घेऊन विचारायला आली, हे काय म्हणून. मग नात बाबागाडीत दीड तास झोपली. आम्ही तिघं गाडीभोवती बसून होतो, एकाही राइडला गेलो नाही. पुढे दुपारी तीनला ती डोळे चोळायला लागली तशी आम्ही गेटबाहेर. त्या दिवसाचं घड्याळ तिच्याच हातात होतं.

(बाबागाडीवरून आठवलं. ती ३१ इंच रुंद आणि ५२ इंच लांब, याहून मोठी चालत नाही. जावयांनी आदल्या रात्री टेप लावून मापली. राइडबाहेर लावलेल्या गाड्या तिथली माणसं सरकवून नीट रांगेत लावतात, त्यामुळे आपली गाडी ठेवल्या जागी सापडतेच असं नाही, आणि काळ्या-करड्या गाड्या सगळ्या सारख्या दिसतात. मी दांड्याला जुन्या लाल ओढणीची चिंधी बांधली होती. लेकीला आधी लाज वाटली, नंतर तीच लांबून चिंधी शोधायची.)

आता आठवणीचं. आजोबा, तुमच्या घरी बोरन्हाण झालंच असेल. काळं झबलं, हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे. त्यातलं नातवंडांना काय आठवतं? बारशाचं काय आठवतं? उष्टावणाला मामाने पहिला घास भरवला तो? बाळाला आठवावं म्हणून आपण यातलं काहीच करत नाही. घरात मूल आलंय याचा आनंद मोठ्यांना कुठेतरी सांडायचा असतो.

आणि 'आमच्या वेळी'? आमच्या वेळी माझा मुलगा आठ महिन्यांचा असताना आम्ही त्याला लाल एसटीने जेजुरीला नेला होता. सासूबाईंचा नवस होता. खिडकीची काच बंद होत नव्हती, सुके लंगोट वाटेतच संपले आणि गडावर पोहोचेपर्यंत पोरगं टाळूपासून टाचेपर्यंत भंडाऱ्याने पिवळं झालेलं. देवाची गोष्ट वेगळी, असं तुम्ही म्हणाल. असेल, पण गर्दी तीच होती, आणि मायक्रोवेव्ह नव्हता.

मोठ्यांची हौस म्हणालात, तेही कबूल. वॉल्ट डिस्ने लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये आपल्या दोन मुलींना लाकडी घोड्यांच्या गोल चक्रात बसवून स्वतः बाकावर दाणे खात बसायचे, आणि आईबापांना मुलांबरोबर मजा करता येईल अशी जागा का असू नये, हे तिथे मनात आलं, असं त्यांनीच सांगितलं आहे. १९५५ च्या जुलैत ती जागा उघडली. म्हणजे बाकावर कंटाळलेल्या बापाच्या डोक्यातून निघालेली ही कल्पना. मोठ्यांची हौस तिच्या मुळातच आहे.

आणि मोठी म्हणजे कोण? माझी लेक. दहा महिन्यांत ती दवाखाना आणि वाणसामान सोडून कुठे गेली नव्हती. रात्रीच्या जागरणांनी चेहरा उतरलेला. ती आणि जावई 'स्पेस माउंटन' या काळोखातल्या रोलर कोस्टरला गेले तेव्हा मी नातीला मांडीवर घेऊन बाहेर बसले. लेक बाहेर आली ती केस विस्कटलेली, हसून हसून डोळ्यांत पाणी. अकरावी-बारावीत ती अशी हसायची. त्या पोरीला मी कोणते चार शब्द सुनवायचे होते, सांगा.

नातीने त्या दिवशी काय पाहिलं, हेही तुम्ही खोचकपणे विचारलंय. किल्ला पाहिला नाही. 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड'मध्ये देशोदेशीच्या बाहुल्या नाचतात, त्या तिने थोडा वेळ तोंड उघडं ठेवून पाहिल्या, आपल्याकडच्या नाचणाऱ्या बाहुल्या आल्या तेव्हा मात्र माझी बांगडी चावत होती. सगळ्यात रमली ती बदकांत. पाण्याकाठी दोन बदकं फुटपाथवर चढून लोकांच्या पायांतून ऐटीत फिरत होती. चांगली वीस मिनिटं ती त्यांच्याकडे बोट दाखवून 'ब, ब' करत राहिली. बदकं गावच्या तळ्यातही असतात आणि त्यांना माणशी शंभर डॉलरच्या वर तिकीट पडत नाही, असं तुम्ही लिहिणार. लिहा.

मात्र तुमचा धाकटा नातूही अमेरिकेतच आहे आणि आता अडीच वर्षांचा आहे, असं तुम्हीच लिहिलंय. तिथे तीन वर्षांच्या आतल्या मुलाला तिकीट नाही. लेकाला फोन करा. सहा महिने आहेत.