डिस्चार्जचं घड्याळ नेमकं कुठे सुरू केलं?

रुग्णालयात ‘लीन’ (कामातला वाया जाणारा वेळ आणि टप्पे कापण्याची पद्धत) उपयोगी ठरतं असं सांगणाऱ्या लेखात ‘लीन राबवल्यावर डिस्चार्जचा सरासरी वेळ घटला’ हे वाक्य पुरावा म्हणून आलंय, आणि गडबड तिथेच आहे. घड्याळ कधी सुरू केलं? डॉक्टर राउंडला ‘आज घरी सोडा’ म्हणाले तेव्हा, की सिस्टरनी फाइल बिलिंगला पाठवली तेव्हा? दुसरी वेळ धरली की डिस्चार्ज समरीसाठीचा (उपचारांच्या लेखी गोषवाऱ्यासाठीचा) सगळा खोळंबा आकड्यातून गायब! त्यात रोख भरणारे आणि कॅशलेस पेशंट एकत्र मोजले तर आणखी घोळ. कॅशलेसची अंतिम मंजुरी (विमा नियामक ‘इर्डा’च्या २०२४च्या परिपत्रकानुसार ३ तासांत) विमा कंपनी देते, वॉर्ड नाही. दोन्ही गट वेगळे ठेवा.

आधी-नंतरच्या दोन सरासऱ्यांऐवजी रोजचा मध्यक रन चार्टवर (दिवसांच्या क्रमाने बिंदू मांडलेल्या आलेखावर) टाका. बदलाआधीचे निदान १०-१२ बिंदू हवेत. नंतर सलग ६ बिंदू जुन्या मध्यकाच्या खाली गेले, तर काहीतरी हललं म्हणता येईल. खरा वेळ खातो तो गठ्ठा: राउंड संपल्यावर सगळ्या समऱ्या एकदम टायपिंगला जातात, आणि उरलेली औषधं फार्मसीला परत करायची आठवण होते बिल बनताना. समरीचा मसुदा आणि औषधांचा परतावा आदल्या संध्याकाळीच उरकता येतो. आणि हो, ३० दिवसांत पुन्हा दाखल होणाऱ्यांचा आकडाही शेजारी मांडा. गोळ्या समजावून सांगण्याची दहा मिनिटं ‘वाया’ ठरवून कापली असतील, तर ते तिथे दिसेल.