कोट घ्यायचा तर आधी गाडीवर बसून बघा

गेल्या आठवड्यात तिघांनी मेसेज करून विचारलं, "तो कोट कुठून घेतलास?" प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा इथंच लिहितो. लांबलंय, चहा घेऊन बसा.

आधी माझी वाट सांगतो, कारण कोटाचं सगळं गणित तिच्यावर आहे. घर बेळगावजवळच्या उचगावात, काम उद्यमबागेत, म्हणजे गावच्या कारखान्यांच्या भागात. सकाळी सव्वासातला गाडी बाहेर काढायची. सुळगा, हिंडलगा, कॅम्प, टिळकवाडीचं रेल्वे गेट आणि मग उद्यमबाग, साधारण पंधरा-सोळा किलोमीटर. पहिली बारा वर्षं शॉप फ्लोअरवर काढली, तेव्हा मी काय घालून येतो याचं कुणाला सोयरसुतक नव्हतं. आत स्वेटर, वर विंडचीटर, कानाला मफलर आणि लईच थंडी असली तर शर्टाच्या आत छातीवर कालचा 'तरुण भारत'. हसू नका, घडी घातलेला पेपर वारा मस्त अडवतो. दोन वर्षांपूर्वी मला कस्टमर बघायच्या कामावर घातलं. आता पुण्याहून, चेन्नईहून माणसं येतात, कधीकधी मी पोचायच्या आधीच येऊन बसलेली असतात. त्यांच्यासमोर उभं राहून शर्टातून पेपर काढणं बरं दिसत नाही.

पुण्याचा एक मित्र म्हणतो, "बेळगावात कसली आलीय थंडी?" त्याचंही चूक नाही. आपलं गाव अडीच हजार फुटांच्या आसपास उंचीवर. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा 13-14 वर असतो, एखाद्या आठवड्यात 10-11 पर्यंत उतरतो आणि त्याच दिवशी दुपारी 29-30. आकडा वाचून कुणीही म्हणेल, एक स्वेटर बास झाला. खरं (बेळगावातलं "खरं", म्हणजे "पण") तो आकडा उभ्या माणसाचा आहे. 10 अंशांत ताशी 50 च्या वेगानं गाडी हाणली की अंगाला साडेपाच-सहा अंशांसारखं लागतं. अंगानं आपल्याभोवती तापवून ठेवलेला हवेचा पातळ थर वारा सारखा ओरबाडून नेत असतो. त्यात आमच्याकडची मार्कंडेय नदीकाठची सखल शेतं. थंड हवा जड, रात्रभर ती उतरून तिथंच साचते. भात काढून मसूर-वाटाणा पेरलेला असतो, त्यावर कमरेएवढं धुकं. त्या पट्ट्यात शिरलं की आधी गुडघे जातात, मग बोटं, मग गळ्याच्या खाचेतून वारा थेट पोटापर्यंत. कंपनीच्या गेटवरचा आमचा वॉचमन रोज कन्नडात म्हणतो, "भाळ थंडी ऐत्री, साहेब्र!" मी म्हणतो, "हौद्री," म्हणजे "हो जी." इथं पाट्यांवरनं भांडणं होतात, खरं थंडीला त्यांच्याकडंही थंडीच म्हणतात.

तर पहिला कोट. ऑनलाइन, 3,800 रुपये. गुडघ्यापर्यंत लांब, काळा, रुंद कॉलरचा. फोटोतला माणूस बर्फात उभा होता, हातात कॉफी. मी तिथंच फसलो. "वूल ब्लेंड" असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं. आतलं लेबल घरी आल्यावर वाचलं: 92 टक्के पॉलिएस्टर. उरलेल्या आठ टक्क्यांत मेंढी कितीशी असणार? दिसायला मात्र रुबाबदार. डिसेंबरात इथल्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की गावात असले कोट फिरायला लागतात, त्यातलाच एक वाटत होतो. बायको दारात उभी राहून एकच वाक्य बोलली, "कोट घेतलासा खरं, गाडीवर बसणार कसं?"

दोन-तीन दिवस बसलो. समोरची टोकं मांडीवरून उडून वाऱ्यावर फडफडायची. रुंद कॉलरचा व्ही म्हणजे वाऱ्याला उघडं दार. हात हँडलवर ठेवले की बाह्या चार बोटं वर, मनगटं उघडी. चौथ्या दिवशी कॅम्पात करपल्याचा वास आला. मला वाटलं क्लच गेला. गाडी थांबवून बघतोय तर कोटाचं उजवं टोक सायलेन्सरला चिकटलेलं. ओढून काढलं तेव्हा कापडाची पेढ्यासारखी काळी गुठळी सायलेन्सरवरच राहिली. ती अजून आहे, खरवडून निघत नाही.

मग दुसऱ्या टोकाला गेलो. फुगीर पफर जॅकेट. ऊब म्हणाल तर झकास, त्यात वादच नाही. आत हवा कोंडून ठेवलेली असते आणि वरचं कापड वारा आत घेत नाही. फक्त घातलं की माणूस गादी गुंडाळून निघाल्यासारखा दिसतो. तरी चालवलं असतं. एक दिवस जॅकेट न काढता तसाच ग्राइंडिंग चालू होतं तिकडं गेलो, एक ठिणगी खांद्यावर येऊन बसली. झटकेपर्यंत हरभऱ्याएवढं भोक. मीटिंगभर त्या भोकातून पांढरा कापूस डोकावत होता आणि समोरचे गृहस्थ माझ्याशी न बोलता त्या कापसाशी बोलत होते.

हे सगळं शहापुरातल्या आमच्या शिंपीमास्तरांना सांगितलं. माझ्या लग्नाचा सूट त्यांनीच शिवलेला. त्यांनी पफरचं भोक बघितलं, काही बोलले नाहीत. कातरीनं दोन कापडांचे दोन धागे काढले. काडी ओढून पहिला पेटवला, तो वितळून टोकाला कडक मणी झाला. दुसरा पेटवला, केस जळल्यासारखा वास आला, ज्योत लगेच मेली आणि जी राख उरली ती त्यांनी बोटात चोळून फुंकली. म्हणाले, "ही लोकर. ही जळते, चिकटत नाही. तुझ्या कामाला कुठली, तूच सांग."

मला आज्याचं घोंगडं आठवलं. चिंचोक्याची खळ दिलेलं, अंगाला टोचणारं, कोपऱ्यात उभं केलं तर उभं राहणारं. पावसात तो त्याची खोळ करून शेतात जायचा, चुलीपुढं बसला की निखारे उडून त्यावर पडायचे, घोंगड्याला काही व्हायचं नाही. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओल शोषते आणि तरी हाताला ओली लागत नाही. हे मी परवा वाचलं. आज्यानं न वाचता आयुष्यभर पांघरलं.

निव्वळ लोकरीचं जाड कापड माझ्या खिशाबाहेरचं होतं. मास्तरांनी टेरीवूल काढलं, 45 टक्के लोकर, बाकी पॉलिएस्टर, गडद राखाडी. कापडाच्या किनारीवर प्रमाण विणलेलं असतं, ते वाचून घ्या. दुकानदाराच्या तोंडावर जाऊ नका. हातात घेऊन घट्ट चुरगाळा आणि सोडा, चांगलं असेल तर सुरकुत्या हळूहळू सुटतात. आणि लोकरीचं कापड वारा थोडा आत घेतंच, हे कुणी सांगत नाही. त्यावर उपाय माझाच होता, मास्तरांना तो मुळीच पटला नाही: माझा जुना विंडचीटर उसवून त्याचं कापड कोटाच्या फक्त पुढच्या भागात, अस्तराच्या आत घातलं. "चुरचुर वाजंल," म्हणाले. वाजतं, थोडं. पाठीला घातलं नाही, नाहीतर घामानं भिजलो असतो.

गळा बंद. हा निर्णय मास्तरांचा, आणि मला विचाराल तर सगळ्या कोटातलं शहाणपण इथं आहे. बंद गळ्याचा कोट म्हणजे लग्नातला किंवा पुढाऱ्यांचा, अशी आपली समजूत. गाडीवाल्यासाठी त्याच्यासारखं काही नाही. उभी कॉलर हेल्मेटच्या पट्ट्याखाली बसते, वाऱ्याला वाट मिळत नाही, मफलर सुटायची भानगड नाही. ऑफिसात उतरल्यावर तोच कोट एकदम मीटिंगचा दिसतो. टायसुद्धा लागत नाही.

माप घेताना गंमत झाली. मी ताठ उभा राहिलो तर मास्तर खेकसले, "लगीन हाय काय? बस त्या स्टुलावर. हात पुढं कर. गाडी चालवूलास असं कर की!" मग मी दुकानाच्या दारात, रस्त्यावरच्या माणसांसमोर, नसलेल्या गाडीचं हँडल धरून पाच मिनिटं बसलो. पाठीची रुंदी तशी घेतली, बाही दोन बोटं जास्त. मला वाटत होतं, हात मोकळे हलायला मुंढा (बाही जिथं जोडतात तो भाग) ढगळ पाहिजे. मास्तर म्हणाले, उलटं. मुंढा खाली उतरला की हात उचलल्यावर अख्खा कोट वर ओढला जातो, म्हणून तो बगलेच्या जवळच ठेवायचा. लांबी मांडीच्या सुरुवातीपर्यंत, सायलेन्सरपासून लांब. बसताना ताण येऊ नये म्हणून मागं दोन कट. आत माया (पुढं उसवून सैल करायला राखलेलं कापड) भरपूर सोडली आहे. "चाळिशी आली, पोट येणार," हेही ऐकवलं.

कापड 1,400 नं सव्वादोन मीटर, शिलाई 2,800. सहा हजारांच्या आत. ऑनलाइनच्या दोन चुकांत माझे त्याहून जास्त गेले.

ज्यांना एवढी उठाठेव करायची नाही त्यांनी दिवाळीनंतर येणाऱ्या तिबेटी बायकांकडून एक चांगला बिनबाह्यांचा स्वेटर घ्यावा आणि तो साध्या ब्लेझरच्या आत घालावा. माल बहुतेक लुधियानाचा असतो, त्या सांगतातही तसं. अंगात सुती बनियन, मग स्वेटर, मग कोट. एका जाड थरापेक्षा हे तीन पातळ थर मला केव्हाही बरे वाटतात, कारण अकरा वाजता ऊन चढलं की एकेक काढता येतो. थर्मल मात्र माझ्या मते इथं फुकट आहे. दुपारी ते काढायला कुठं जाणार? आणि बसनं जाणाऱ्यांना, म्हणजे खानापूरहून, निपाणीहून येणाऱ्यांना, यातलं निम्मं लागू नाही. खिडकी बंद होते की नाही हा त्यांचा प्रश्न वेगळा, त्याला शिंपी काही करू शकत नाही.

आता रोज रेल्वे गेटवर गाडी थांबली की वारा थांबतो आणि छातीत एकदम ऊब साचते. वरची दोन बटणं सोडतो, मिरजेकडची गाडी जाऊ देतो, परत लावतो. फेब्रुवारी संपला की ब्रश मारून, उन्हं दाखवून कोट डांबरगोळ्यांसोबत ट्रंकेत.

पहिला, टोक जळालेला ओव्हरकोट टाकायला काढला होता. बाबांनी मागून घेतला. त्यांची पाण्याची पाळी रात्रीची, थ्री-फेज वीज आली की मोटर चालू करून बांधावर बसायचं असतं. परवा रात्री त्यांना चहा द्यायला गेलो. उसाच्या कडेला दगडावर, गुडघ्यापर्यंत काळा कोट, रुंद कॉलर कानापर्यंत वर केलेली, हातात बॅटरी. म्हणाले, "झ्याक हाय की रे कोट. तुला काय खुपत होतं?"